पहिला लिपिड रिपोर्ट (रक्तातल्या चरबीचा) हातात आलाय?

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६२ दिसल्यावर तुम्ही अंडं, तूप, भात सगळं एका दिवसात बंद केलंत. जरा दमानं घ्या. असलं कडक पथ्य पंधरा दिवस टिकतं, मग स्वारी पुन्हा स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर.

आधी तेल मोजा. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, म्हणजे चौघांना दोन लिटर, वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. वीस तारखेलाच बाटलीचा तळ दिसला, तर गणित कुठे चुकतंय ते कळेल. पाकिटावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका; वनस्पतीच्या कुठल्याच तेलात ते नसतं. ऑफिसात चहाबरोबर जाणारी खारी आणि नानकटाई मात्र जपून. त्यात बहुधा डालडा असतो, आणि चार कधी संपल्या ते कळतही नाही.

मग एवढंच:
- रोज अर्धा तास भरभर चालणं. लोकल पकडायची धावपळ यात धरायची नाही!
- रोज वाटीभर उसळ: चवळी, मटकी, राजमा.
- सिगारेट असेल तर बंद.

नवखे हमखास चुकतात ते गोळीत. आकडा उतरला की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सोडून देतात. अहो, तो गोळीनेच उतरलेला असतो! अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. लसूण खुशाल खा, गोळीऐवजी नको. मधुमेह, बीपी, घरात कुणाला कमी वयात आलेला अटॅक, हेही त्यांना सांगा. तुमचं एलडीएल किती हवं ते त्यावरून ठरतं.

बाकीच्या महागड्या तपासण्या आत्ता शोधत बसू नका.