जर्मनीत का पऱ्हाटी होते का?

तुझा प्रश्न असा, की यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, बारावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सी ॲग्रीचं शेवटचं वर्ष, जर्मनीत एमएस्सी करायचं मनात आहे पण वर्गात इंग्रजी बोलणं जमेल का अन् पैसा किती लागेल. शेवटी एक ओळ टाकलीस, घरचे म्हणतात शेतीचं शिकायला तिकडं कशाला जायचं. त्या ओळीमुळं लिहायला बसलो. हेच वाक्य मी २०१६ पासून ऐकून राहिलो.

जा. आधी हे सांगून टाकतो.

मी पण आपल्याच जिल्ह्यातला, जर्मनीत ग्योटिंगनला शिकलो, २०१६ च्या ऑक्टोबरात गेलो. शहर छोटं आहे, सगळे सायकलवर, जुन्या नगरपालिकेसमोर हंस घेतलेल्या पोरीचा पुतळा आहे, पीएचडी झाली की पोरं वर चढून तिची पापी घेतात. हे सगळं तुला व्हिडिओत दिसेल, ते सोड.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आयेल्ट्सला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, साडेसहा होते, वाचलेलं समजायचं, पण कोणी काही विचारलं की उत्तर आधी मराठीत तयार व्हायचं अन् त्याचं इंग्रजी करेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. सोबत घानाची, कोलंबियाची, नेपाळची पोरं होती, त्यांचंही इंग्रजी काही फार पक्कं नव्हतं, पण ते बोलायचे अन् मी मागच्या बाकावर बसून वही भरायचो.

मग २०१७ चा पावसाळा आला. यवतमाळचा आहेस म्हणजे तुले काय झालं ते सांगायची गरज नाही. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याला लागत होती, त्यात बोंडअळी, अन् फवारणीत आपल्या जिल्ह्यातली २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. आमच्या वावरात फवारणारा माणूस, मी त्याला दादा म्हणतो, मी लहान असताना बंडीत बसवून मला शाळेत सोडायचा, तो दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसला अन् त्याला उठताच येईना. डोळ्यांपुढं धूसर, उलट्या, तोंडाला फेस. बाबांनी तसंच गाडीत टाकून यवतमाळला नेलं. नऊ दिवसांनी घरी आला, वाचला. मला फोन आला तेव्हा मी मेन्सातून, म्हणजे कॉलेजच्या खानावळीतून, जेवून बाहेर पडत होतो. बाबा एकच वाक्य म्हणून राहिले होते, "म्या आणलेलं औषध होतं रे."

दोन औषधं एकत्र मारायला कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं होतं. बियाणं, खत, औषध सगळं त्याच्याकडूनच उधारीवर, कापूस विकला की चुकतं करायचं, मग कोणता डबा न्यायचा हे बाबा ठरवतच नव्हते, उधारी ठरवत होती. अन् मी बीएस्सी ॲग्री झालेला. डब्यावरचा लाल तिकोन सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे परीक्षेत लिहून मार्क घेतले, पण दादाला एक मास्क, एक हातमोज्याचा जोड कधी आणून दिला नाही. हे मला आजही लागते.

नोव्हेंबरात पीक संरक्षणाचा सेमिनार होता. पडद्यावर भारतातल्या कापसाच्या फवारणीचा फोटो आला, उघडा माणूस, पाठीवर पंप. एका जर्मन पोरानं विचारलं, हे लोक डब्यावरच्या सूचना का वाचत नाहीत? त्यानं साधं विचारलं होतं, टोमणा नव्हता. पण मी उभा राहिलो.

काय बोललो ते आठवते. वाचतो तो माणूस वेगळा अन् फवारतो तो वेगळा. फवारणाऱ्याला मजुरी पंपामागं मिळते, जेवढे पंप जास्त तेवढे पैसे, तो उन्हात थांबून हात कुठं धुणार. डब्यावरची अक्षरं इतकी बारीक की मलाच वाचता येत नाहीत. अन् पीक डोक्याच्या वर गेलं की नोझल वर धरावं लागते, वारा फिरला की सगळं तोंडावर. क्रियापदं चुकत होती, काळ चुकत होते, "ही स्प्रे, ही फॉल" असं चाललं होतं. वीस मिनिटं बोललो असेन. कोणी हसलं नाही. प्राध्यापकबाईंनी पुढचं प्रेझेंटेशन थांबवून माझ्याकडून पंपाचं चित्र फळ्यावर काढून घेतलं.

म्हणून तुझ्या इंग्रजीच्या प्रश्नाचं माझ्याकडं उत्तर हेच आहे, की बोलायला काही असलं की बोलता येते. नुसतं बोलायचं म्हणून बोलायला गेलो तेव्हा माझं तोंड वर्षभर उघडलं नव्हतं.

ज्यानं प्रश्न विचारला होता तो शेतकऱ्याचा पोरगा निघाला, पुढच्या रविवारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. बीट अन् गहू. त्याच्या बापाकडं फवारणीचं कार्ड होतं, तिकडं ते कार्ड असल्याशिवाय शेतीचं औषध विकतही मिळत नाही अन् मारताही येत नाही, अन् दर तीन वर्षांनी परत ट्रेनिंगला बसावं लागते. पंपाचीही दर तीन वर्षांनी तपासणी, पास झाला की स्टिकर. औषधं लोखंडी कपाटात, कुलूप लावून. फवारणीच्या मशीनवर हात धुवायला स्वच्छ पाण्याची वेगळी टाकी, अन् माणूस ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये. मी त्या छोट्या टाकीजवळ खूप वेळ उभा होतो. त्यात काही मोठी टेक्नॉलॉजी नाही रे, वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा अन् एक तोटी आहे.

आता शेतीचं शिकायला कशाला जायचं म्हणणाऱ्या माझ्या काकांचं. जायच्या वेळी बँकेत साडेसात लाखांच्या वर लोन पाहिजे तर तारण मागितलं. आमचं सहा एकर वावर बँकेनं घेतलं नाही, शेतजमीन बँकेला कोर्टात गेल्याशिवाय जप्त करून विकता येत नाही, तो कायदाच तसा आहे, अन् गावठाणातलं घरही चाललं नाही. काकांचा यवतमाळला एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट होता. बाबा स्वतः मागायला गेले. काका दहा माणसांत म्हणाले, "शेतीचं शिकाले जर्मनीले? तिथं का पऱ्हाटी होते का बे?" सगळे हसले अन् बाबा मान खाली घालून घरी आले. प्लॉट शेवटी मामानं दिला.

नाही होत, काका. जर्मनीत पऱ्हाटीचं एक झाडही वावरात दिसत नाही. पण तुमच्या बैठकीत भाऊसाहेबांचा, म्हणजे पंजाबराव देशमुखांचा, फोटो आहे, २७ डिसेंबरला जयंतीला तुम्ही त्याला हार घालता, तुम्ही स्वतः त्यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. पापळचा तो माणूस शंभर वर्षांआधी एडिनबरा अन् ऑक्सफर्डला गेला, ऑक्सफर्डचा त्यांचा प्रबंध वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर आहे, शेतीवर नाही, अन् १९५२ नंतर ते केंद्रात कृषीमंत्री होते. तिथं कोणती पऱ्हाटी होती? हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तरी बाबांसमोर बोललो नसतो.

२०१९ ला परत आलो, आता आपल्याच भागात शेतकरी गटांसोबत काम करतो. आमच्या वावरात पंपामागं मजुरी बंद केली, फवारणीला दिवसाची मजुरी देतो, सकाळी अकरापर्यंतच फवारणी, दोन औषधं एकत्र नाही, अन् धुऱ्यावर पाण्याची कॅन अन् साबण. दादा आता फवारत नाही, पण दुसरा पोरगा फवारून आला की त्याला हात धुवायला लावल्याशिवाय चहा देत नाही. काकांच्या वावरात अजून पंपामागंच चालते.

पैशाचं राहून गेलं. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त दर सेमिस्टरचं शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, तिथं अर्ज करताना हे पाहून घे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, माझ्या वेळी बरेच कमी होते. नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे तुझी कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, सर्टिफिकेटही लागते, त्याला वेळ जातो, आधी ते कर. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे नियम अर्ज भरायच्या आधी नीट वाच. घरी एक सांगून ठेव, तिकडं मार्कांत १ म्हणजे सगळ्यात चांगला अन् ४ पर्यंत पास, मी १.७ सांगितलं तेव्हा आई रडली होती.

अन् हे सगळ्यांना जमतेच असं नाही. माझ्यासोबतचा एक पोरगा दुसऱ्याच हिवाळ्यात परत आला, साडेचारला अंधार पडते, खोलीत एकटा, त्याला झेपलं नाही. तो आळशी नव्हता, माझ्यापेक्षा हुशार होता. घरी एकुलता असशील, बाबांची तब्येत ठीक नसेल, तर एक वर्ष थांबून जा, काही बिघडत नाही.

बँकेत बाबांना एकट्याला पाठवू नको, सोबत जा. अन् नातेवाइकाकडं तारण मागायचं असेल तर ते तू स्वतः माग.