शिवराज पाटील चाकूरकर म्हणजे फक्त २६/११ चा राजीनामा का?

तुम्ही विचारलंय की लातूरचा एक वकील दिल्लीत एवढ्या वर कसा पोचला, आणि गृहमंत्रिपदाचा राजीनामा सोडला तर त्यांच्या नावावर आहे काय. माझ्या मते भरपूर आहे, पण ते कामकाजाच्या नियमांत आहे, म्हणून कोणी बोलत नाही.

चढण पायरीपायरीने झाली. लातुरात वकिली, मग नगराध्यक्ष, १९७३ ते १९८० आमदार, त्यातच विधानसभेचे उपाध्यक्ष आणि मग अध्यक्ष. १९८० पासून लातूरमधून सलग ७ वेळा खासदार, मधे केंद्रात राज्यमंत्री, आणि १९९१ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष.

खरं काम इथेच. आधी काय व्हायचं, बजेट आलं की दोन-चार खात्यांवर चर्चा व्हायची आणि वेळ संपला की बाकी सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून एका झटक्यात मंजूर, म्हणजे हजारो कोटींचा खर्च आणि त्यावर सभागृहात एक शब्द नाही. १९८९ मध्ये तीन विषयांच्या समित्या झाल्या होत्या, पण १९९३ मध्ये चाकूरकर अध्यक्ष असताना त्या जागी १७ विभागीय स्थायी समित्या आल्या आणि जवळजवळ सगळी खाती त्यांच्याखाली आली. प्रत्येकीत तेव्हा दोन्ही सभागृहांचे मिळून ४५ खासदार असायचे, सगळ्या पक्षांचे. तिथे व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, चालत नाही, कॅमेरा नसतो, सचिवांना समोर बसवून विचारता येतं की गेल्या वर्षीचा पैसा का पडून राहिला. गिलोटिन अजूनही लागतं, पण त्याआधी कोणीतरी कागद वाचलेले असतात, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. आता समित्या २४ आहेत आणि एखादं विधेयक समितीकडे का पाठवलं नाही म्हणून विरोधक ओरडतात ते याच समित्यांबद्दल.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामींवरचा महाभियोग लोकसभेत आला. न्यायाधीशाच्या बाजूने कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून बोलले, काँग्रेसने मतदानच केलं नाही, ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, पण लागणारं विशेष बहुमत झालं नाही म्हणून ठराव पडला. निकाल मला आजही खटकतो, पण असा प्रसंग लोकसभेत आधी कधी आलाच नव्हता, आणि तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत कायद्याचा माणूस होता हे बरंच झालं.

गृहमंत्री म्हणून मात्र ते कमी पडले, हे मी लातूरचा असूनही म्हणतो. २००४ ला लातूरमध्ये हरले, तरी राज्यसभेतून थेट गृहखातं मिळालं. शांतपणे ऐकून घेणारा, घाई न करणारा स्वभाव अध्यक्षाला शोभतो, पण बॉम्बस्फोटानंतर लोकांना तोच स्वभाव थंडपणा वाटतो. सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांच्या वेळी एकाच संध्याकाळी अनेकदा कपडे बदलण्यावरून जी टीका झाली तीच लोकांच्या डोक्यात बसली, आणि मुंबई हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०१० ते २०१५ पंजाबचे राज्यपाल होते.