‘योग्यतम’ कोण? शिंप्याला विचारा

फैजपूरकडच्या एका ताई अकरावीला समाजशास्त्र शिकवतात. त्यांनी विचारलंय : ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ला ‘योग्यतमाची अतिजीविता’ म्हटलं की मुलांच्या डोक्यावरून जातं. त्याऐवजी ‘बळी तो कान पिळी’ सांगितलं तर चालेल का?

ताई, म्हण झकास आहे, पण इथे नको. ‘फिट’चे आपल्याकडे दोन संसार आहेत. एक जिममधला, म्हणजे दणकट. दुसरा शिंप्याकडचा : सदरा अंगाला फिट बसला. डार्विनचा फिट हा दुसरा. भोवतालच्या मापाला जो जीव बसतो त्याची पिल्लावळ जास्त उरते, एवढंच.

तुमच्या भागातली केळीच घ्या. बांधावरची बाभूळ तिच्यापेक्षा कितीतरी चिवट. केळीला रुजणारं बी नाही, मे-जूनच्या वादळात ती घडासकट आडवी होते, भर उन्हाळ्यात ठिबक बंद पडलं की मान टाकते. सातपुड्याच्या रानात तिला सोडून दिलं तर कठीणच. पण माणसाच्या वावरात तीच सगळ्यांत फिट, कारण कंद आणि टिश्यूची रोपं लावून तिचा वंश आपणच वाढवतो. यात कान कोण कुणाचा पिळतंय, तुम्हीच सांगा.

‘योग्य’ हा शब्द मात्र मी सोडणार नाही. तो ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूतून आला. जुळण्याजोगा तो योग्य. म्हणजे पुन्हा शिंपीच! घोटाळा आपल्या कानात आहे. ‘योग्य उमेदवार’, ‘योग्य स्थळ’ ऐकून ऐकून त्याला लायकीचा वास लागला. मग टिकला तो लायक, बुडाला तो नालायक, असं वाटू लागतं.

तसं वाटायला इंग्रजीतही जागा होती. मूळ शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर या समाजचिंतकाचा, १८६४ मधला. डार्विनने तो वॉलेस या सहविचारी निसर्गअभ्यासकाच्या आग्रहावरून आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत घेतला. खुद्द डार्विनला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली तीही १८३८ मध्ये माल्थस या अर्थचिंतकाचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना. समाजविचाराने जीवशास्त्राला उसनं दिलं आणि व्याजासकट वसूल केलं. सरकारने गरिबांना मदत करू नये, असं स्पेन्सर म्हणे. असल्या विचारांना पुढे ‘सामाजिक डार्विनवाद’ हे नाव पडलं.

आणि ही म्हण मुलांच्या मनात बसली, तर पुढचा धडा अडेल. कारण विसाव्या शतकात डार्विनच्या याच सिद्धांतावरून जीवशास्त्रज्ञांनी परोपकाराचा हिशोब मांडला. १९६४ मध्ये हॅमिल्टनने रक्ताच्या नात्यातला : सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सामायिक, म्हणून भावाला हात दिला तरी आपल्यातलं काही पुढे जातं. (‘भाऊबंदकी’ला भांडणाचा अर्थ देणाऱ्या मराठीने हे हसूनच ऐकलं असतं.) १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने परक्यांतला : आज मी तुझ्या कामी, उद्या तू माझ्या. याला पुस्तकात ‘परस्पर परार्थभाव’ असा भारदस्त शब्द दिसेल; तुम्ही सरळ ‘सावड’ म्हणा, शेतकऱ्यांच्या पोरांना लगेच कळेल. फरक इतकाच की सावड माणसं ठरवून करतात, जनुकं काही ठरवत नाहीत. १९७६ मध्ये जीवशास्त्रज्ञ डॉकिन्सने जनुकाला ‘स्वार्थी’ म्हटलं, तेव्हा जनुकं खरंच ठरवून वागतात असं समजून लोक नेमके इथेच फसले.

तेव्हा फळ्यावर ‘जुळेल त्याचा वंश उरेल’ लिहा. ‘बळी तो कान पिळी’ स्पेन्सरच्या धड्यासाठी राखून ठेवा.