वाळवीचं बिल भाडेकरूने भरावं का?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी आम्ही भाड्याच्या घरात आलो. कराराचे अजून सात महिने बाकी आहेत. पहिल्या आठवड्यापासून स्वयंपाकघरात झुरळं दिसत होती. सिंकखालचा पाइपही तेव्हापासून गळतो, तो मालकांनी दुरुस्त केलेला नाही. आता बेडरूममधल्या, भिंतीत बसवलेल्या लाकडी कपाटाला वाळवी लागली आहे. मालक म्हणतात, ‘राहता तुम्ही, मग पेस्ट कंट्रोलही तुम्हीच करून घ्या.’ झुरळांच्या दोन फेऱ्यांना महिन्याच्या भाड्याचा पाचवा हिस्सा लागेल आणि वाळवीला दीड महिन्याचं भाडं. वाळवीच्या कामाला पाच वर्षांची हमी आहे. आमची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याएवढी आहे. पैसे भरून विषय संपवावा, भाड्यातून कापावेत की घर सोडावं?

उत्तर : हे एक बिल नाही, दोन आहेत. मालकांनी ती एकत्र करून तुमच्यापुढे ठेवली, आणि तुम्हीही ती एकत्रच मोजताय. आधी ती वेगळी करा. झुरळांचा खर्च तुम्ही करावा असं मी सांगेन. वाळवीचा करू नये.

वाळवीपासून सुरुवात करते, कारण मोठी रक्कम तिथे आहे. कपाटाच्या मागच्या भिंतीवर किंवा फरशीच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, ते बघा. दिसत असतील तर ती जमिनीतून येणारी वाळवी. तिचं वारूळ मातीत असतं, कपाट ही फक्त तिची खायची जागा. नुसत्या कपाटावर औषध मारलं तर तेवढ्यापुरता फरक पडतो, वारूळ मात्र तसंच राहतं. म्हणून अशा कामात भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून औषध आत सोडतात. ते काम इमारतीचं आहे. मातीच्या नळ्या नसतील आणि कपाटाखाली खसखशीसारखे बारीक, सहा बाजूंचे कण पडत असतील, तर वाळवी सुक्या लाकडातली आहे. ती लाकडातच राहते आणि फर्निचरबरोबर घरात येऊ शकते. हा फरक पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तुम्ही एखादा जुना पलंग किंवा टेबल बरोबर आणलं असेल तर मालक बोट तिकडे दाखवतील, आणि त्यात तथ्यही असू शकेल. पण कपाट मालकांचं आणि भिंतीतलं आहे. नळ्याही सापडल्या, तर तुमच्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून वाळवीचा प्रकार आणि ती कुठून येते, हे तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.

आता हिशोब. महिन्याचं भाडं १०० धरू. वाळवीचे १५० तुम्ही भरले आणि ते उरलेल्या सात महिन्यांवर पसरले, तर महिन्याला २१ पेक्षा थोडे जास्त पडतात. म्हणजे तुम्ही स्वतःहून भाडं २१ टक्क्यांनी वाढवून दिलं. हमी पाच वर्षांची, म्हणजे ६० महिन्यांची. त्यातले तुम्ही वापरणार सात. अगदी वापरानुसार वाटणी केली तरी तुमचा हिस्सा १५० पैकी साडेसतरा होतो. उरलेले १३२.५ मालकांच्या मालमत्तेत जातात आणि तुम्ही निघताना तिथेच राहतात. झुरळांचे २० त्याच सात महिन्यांवर पसरले तर महिन्याला तीनसुद्धा पडत नाहीत, आणि त्याचा फायदा जवळजवळ पूर्ण तुम्हालाच मिळतो. पहिल्या बिलावर ठाम राहा आणि दुसऱ्यावर भांडत बसू नका, हे मी याच आकड्यांवरून सांगते आहे.

तरीही झुरळांच्या बाबतीत मालकांची जबाबदारी पूर्ण सुटत नाही. झुरळ अन्नावाचून कित्येक आठवडे काढतं, पण पाण्यावाचून दोन आठवड्यांच्या आसपासच तग धरतं. गळका पाइप म्हणजे त्याला रोजचं पाणी. पाइप तसाच ठेवून फवारणी केली तर ते २० वाया जातील. म्हणून अट साधी ठेवा: पाइप मालकांनी दुरुस्त करायचा, झुरळांचं काम तुम्ही करून घ्यायचं. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या छोट्या तपकिरी झुरळाच्या अंड्यांच्या एका कोषात ३० ते ४० अंडी असतात आणि औषध त्या कवचातून सहसा आत पोहोचत नाही. दुसरी फेरी त्यासाठीच असते, ती पैसे वाचवायला रद्द करू नका. सगळीकडे फवारण्यापेक्षा फटींत जेलचे ठिपके देणारं काम साधारणपणे जास्त टिकतं. शेजाऱ्यांनाही विचारा. झुरळं पाइपांच्या शाफ्टमधून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. वरच्या-खालच्या घरांनी एकाच दिवशी काम करून घेतलं तर दरही उतरतो आणि परिणामही टिकतो.

भाड्यातून परस्पर पैसे कापू नका. काही ठिकाणी लेखी सूचना देऊन, ठरलेल्या मर्यादेत अशी कपात करता येते. पण तशी तरतूद तुमच्या करारात किंवा कायद्यात नसेल, तर कागदावर तुम्ही भाडं थकवणारे ठरता आणि वाळवीचा मुद्दा बाजूला पडतो. जबाबदारीच्या रेषा जागोजागी वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये २०१८च्या कायद्यानुसार घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे आणि त्या कसोटीत किडे-उंदरांचा उपद्रवही येतो. न्यूयॉर्क शहरात नव्या भाडेकरूला त्या घरातल्या ढेकणांचा आदल्या वर्षाचा इतिहास मालकाने लेखी देणं बंधनकारक आहे. तुम्ही आधी तुमच्या करारातलं देखभाल-दुरुस्तीचं कलम काढून वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची’ एवढंच लिहिलेलं असेल तर दीड महिन्याच्या भाड्याचं काम त्यात बसत नाही, हे सांगायला संकोच करू नका.

घर आत्ता सोडण्यातही फायदा दिसत नाही. मुदतीआधी सोडल्याचा भुर्दंड, सामान हलवण्याचा खर्च, काही दिवसांचं दुहेरी भाडं, आणि जुनी अनामत परत मिळण्याआधी भरावी लागणारी नवी अनामत, हे सगळं मिळून १५० च्या पुढे सहज जातं. वाळवीचा राग समजू शकते, पण त्या रागात दुप्पट खर्च करू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या तीनपैकी कशातच न आलेल्या धोक्याची. तुम्ही गप्प राहिलात आणि सात महिन्यांनी घर सोडताना कपाट पोखरलेलं निघालं, तर ते तुमच्या काळात खराब झालं असं म्हणून अनामतीतून पैसे कापले जाऊ शकतात. नवं कपाट वाळवीच्या औषधापेक्षा महाग पडू शकतं, आणि तुमचे ३०० मालकांच्या हातात आहेत. घराचा विमा इथे उपयोगी पडेल असं धरू नका. कीटक आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बहुधा वगळलेलं असतं. म्हणून आजच तारीख दिसेल असे फोटो काढा आणि मालकांना ईमेल पाठवा. झुरळं पहिल्या आठवड्यापासून आहेत, पाइप गळतो, कपाटाला वाळवी अमुक तारखेला दिसली, तपासणीचा कागद सोबत जोडला आहे, १५ दिवसांत काम सुरू करावं. बोलणं फोनवर झालं तर त्याचा सारांश त्याच दिवशी लिहून पाठवा. भाषा सौम्य ठेवा. वाळवी वाढली तर नुकसान त्यांच्याच दारं-चौकटींचं आहे, हेही त्यात लिहा. मालक पैसे काढतात ते बहुतेक वेळा या वाक्यावर.

आत्ता हातात पैसे नाहीत, असं ते म्हणाले तर एक मधला मार्ग आहे. १५० तुम्ही आगाऊ भरा आणि पुढचे पाच महिने भाडं ३०-३० ने कमी द्या. पण हे दोघांच्या सहीने लिहिलेलं असेल तरच, आणि रक्कम गेल्यावरही तुमच्याकडे किमान चार महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहत असेल तरच. पाच महिन्यांत पैसे वसूल होऊन वर दोन महिने हातात राहतात, त्यामुळे तुमची रक्कम अडकत नाही. ‘निघताना अनामतीबरोबर देतो’ हे मात्र मान्य करू नका. हमीपत्र मालकांच्या नावाने करा, पावती पैसे भरणाऱ्याच्या.

मुदत संपण्याआधी कराराच्या नूतनीकरणाची बोलणी होतील. तेव्हा करारात दोन ओळी घालून घ्या: इमारतीतून येणारी कीड आणि वाळवी मालकांकडे, स्वयंपाकघरातली नेहमीची फवारणी तुमच्याकडे. ईमेलला उत्तरच आलं नाही, तर नवं घर पाहायला मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सुरुवात करा. नव्या घरात सामान लावण्याआधी रिकाम्या घरातच फवारणी करून मागा. तेव्हा ती स्वस्तही पडते आणि कोणाची कीड हा वादही निघत नाही.