विमानातली हवा शिळी असते का? आईला दमा आहे, नागपूरहून बंगळूरला न्यायचंय

शिळी नसते. मी नागपूरच्या विमानतळाजवळ मिहानला विमानांच्या देखभालीच्या कामात आहे, आणि लग्नसराई आली की हा प्रश्न आमच्या नात्यागोत्यात हमखास निघतो. खिडक्या बंद, आत दीडशे-पावणेदोनशे माणसं, म्हणजे तीच ती हवा फिरत असणार, असा सगळ्यांचा हिशोब.

उडताना इंजिन बाहेरची हवा ओढून दाबतं, त्यातलीच थोडी केबिनसाठी काढून घेतात. दाबल्यामुळे ती इतकी तापते की विमानाच्या पोटातल्या 'पॅक'मध्ये आधी थंड करावी लागते. (बोइंग ७८७ मध्ये हेच काम विजेवरचे कॉम्प्रेसर करतात.) केबिनमधली साधारण निम्मी हवा अशी ताजी, उरलेली आतलीच, पण हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) गाळलेली. तासाला २० ते ३० वेळा हवा बदलते. ती वरून येते आणि पायांजवळच्या जाळ्यांतून जाते, त्यामुळे पुढच्या रांगेतला खोकला सहसा मागच्या टोकापर्यंत जात नाही. शेजारच्याचा खोकला मात्र फिल्टरच्या आधी आईपर्यंत पोचेल. तिथे मास्कच कामाचा.

खरा त्रास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, विमान जमिनीवर असताना. मे महिन्यात दारं उघडी, बाहेर ४५ अंश, आणि शेपटीतलं छोटं इंजिन किंवा बाहेरून जोडलेली एसीची गाडी चालू नसेल तर आत जीव नकोसा होतो. त्यात मोठी इंजिनं सुरू करताना डोक्यावरच्या नोझलमधली हवा थोडा वेळ एकदम बंद पडते, कारण बहुतेक विमानांत इंजिन फिरवायला तीच दाबाची हवा लागते. हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दम्याचं माणूस तेवढ्यानंच घाबरतं. पावसाळ्यात जाणार असाल तर छताच्या फटींतून पांढरं काहीतरी निघताना दिसेल. ते धुकं असतं, धूर नव्हे.

वर गेल्यावर हवा कोरडी होते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. भर उन्हाळ्यात लाइट जाऊन कूलर बंद पडला की घसा कसा सुकतो, तसंच. पाणी घोट घोट देत राहा.

दम्यासाठी मला याहून मोठी बाब वाटते ती दाबाची. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. विमानात मात्र दाब ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखा असू शकतो. ऑक्सिजन तेवढा कमी मिळतो. धडधाकट माणसाला कळतही नाही, आणि दमा आटोक्यात असेल तर सहसा निभतं. पण घरातल्या घरात चालतानाही धाप लागत असेल किंवा नुकतंच दवाखान्यात ठेवावं लागलं असेल, तर तिकिटाआधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, गेटवर जाऊन सांगून होत नाही. आणि इनहेलर चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, त्यांच्या हातातल्या पर्समध्येच ठेवा.