रोजच्या साध्या जगण्यावर छोटे माहितीपट का काढतात? त्यातून साधतं काय?

सिनेमाची सुरुवातच तिथून झाली. 1895 मध्ये फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले. फिल्म जेमतेम पाऊण मिनिटाची, कारण कॅमेऱ्यात रीळच तेवढं मावायचं. 7 जुलै 1896 ला त्यांच्या अशा फिल्म मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. पुढे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्ती चित्रित केली आणि 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही. (फर्ग्युसन कॉलेजचे परांजपे, तेच. रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला.)

हेतू मात्र बदलत गेला. 1935 च्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या ब्रिटिश माहितीपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतल्या लोकांना त्यांच्याच घरात बोलू दिलं. उंदीर, ढेकूण, सगळं त्यांच्या तोंडून. पैसे गॅस उद्योगाचे होते, तेव्हा खर्च कोणी केलाय हे नेहमी बघावं. आपल्याकडे 1948 मध्ये माहितीपट काढणारं सरकारी खातं, फिल्म्स डिव्हिजन, आलं, थिएटरात मुख्य सिनेमाआधी माहितीपट सक्तीचा झाला. त्यात फार चांगली कामंही आहेत, पण बऱ्याचदा निवेदक इतकं समजावून सांगतो की डोळ्यांना काही कामच उरत नाही.

मला विचाराल तर खरा उपयोग वेगळाच आहे. ज्यांना येतं त्यांना ते लिहून ठेवावंसं वाटत नाही, अशा गोष्टी फिल्ममध्ये राहतात. मी पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत, शूट केलंय. मठारकाम करताना कारागीर भांडं लोखंडी आधारावर धरतो, एका हाताने किंचित किंचित फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने हातोडी चालवतो. ठोक्याला लागून ठोका. त्याने तांब्याला चकाकी येतेच, शिवाय पत्रा कडक होतो. एवढं लिहून सांगता येतं. भांडं नेमकं किती फिरवायचं, ते मनगट पाहिल्याशिवाय कळत नाही. ठोक्याचा नाद जरा बदलला की हात थांबतो, तेही कानांनीच कळतं.

तुम्ही स्वतः करणार असाल तर पार्श्वसंगीत घालू नका, जागेवरचा आवाज नीट घ्या. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॅमेरा बंद न करता, एकदा तरी घ्याच. पाच मिनिटांची फिल्म त्यातूनच निघेल. आणि फेस्टिव्हलला पाठवण्याआधी ज्यांच्यावर केलीय त्यांना दाखवा. मधली एखादी पायरी सुटली असेल तर ती त्यांच्या लगेच लक्षात येते. घरच्यांसाठी कॉपी मागतील, तीही पेनड्राइव्हवर घालून द्या.