पनामा कालव्याची पत्रे आणि सोसायटीतली ठेव

प्रश्न : मी इरिगेशन खात्यातून निवृत्त झालो, टिळकवाडीत (बेळगाव) राहतो. वय ६४, पेन्शन चालू आहे. सोसायटीतली ९ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात सुटते. पनामा कालव्याचे मला पहिल्यापासून वेड. अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे सही असलेली तीन पत्रे आहेत : कालव्याचे काम आधी हाती घेणारा फ्रेंच लेसेप्स, मुख्य अभियंता गोथल्स आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची. मिळून ६ लाख ४० हजार, त्यात रूझवेल्टचेच साडेचार लाख. पाच वर्षांत दुप्पट होतील, असे तो म्हणतो. बायकोचे म्हणणे, कागदाला एवढे पैसे कशाला? काय करावे?

उत्तर : काका, गोथल्सचे पत्र खुशाल घ्या. रूझवेल्टचे सोडा. आणि 'दुप्पट' हा शब्द डोक्यातून काढून टाका.

आधी विकण्याचा हिशेब बघू, कारण घेताना तो कुणीच करत नाही. असली पत्रे साधारण लिलावातच विकली जातात. बोलीवर घेणाऱ्याकडून २५ टक्क्यांच्या आसपास जादा घेतात, विकणाऱ्याकडून १५ टक्के धरा. समजा उद्याच कुणी रूझवेल्टच्या पत्राला एकूण साडेचार लाख मोजले, तर बोली असेल ३ लाख ६० हजारांची आणि तुमच्या हातात येतील ३ लाख ६ हजार. नुसते मुद्दल सुटायला पुढच्या गिऱ्हाईकाने ६ लाख ६० हजारांच्या वर द्यायला हवेत. तीच रक्कम सीनियर सिटिझन योजनेत ठेवली, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ३६,९०० रुपये व्याज येते आणि मुद्दल जागेवर राहते.

दुसरी गोष्ट विक्रेता सांगणार नाही. या पत्रांची गिऱ्हाइके अमेरिकेत, आणि पत्र येणार बेळगावात. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची कागदपत्रेही येतात आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पत्र मूळचे परदेशी, हे तुम्ही सांगाल; पण ते पटवून देईपर्यंत लिलाव होऊन जाईल. म्हणजे पत्र आले ते आलेच, असे धरून चाला. विश्वेश्वरय्यांचे पत्र असते तर निदान बेंगळुरू-पुण्यात कुणी विचारले असते. ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते आणि आपला भागही तेव्हा त्याच इलाख्यात, त्यामुळे तुमच्यासारख्या इरिगेशनवाल्याला ते जवळचेही वाटेल.

रूझवेल्टने आयुष्यात दीड लाखाच्या आसपास पत्रे लिहिली असा अंदाज आहे. त्याची सही दुर्मीळ नाही. भाव येतो तो मजकुराला. पत्रात कालव्याबद्दल काही ठोस असेल तर गोष्ट वेगळी; तुम्ही पाठवलेल्या फोटोत मात्र कुणाच्या तरी अभिनंदनाचे आभार आहेत. त्याला साडेचार लाख? मला तरी पटत नाही.

लेसेप्सचे म्हणाल तर त्याची गंमतच आहे. १८६९ मध्ये सुएझ खुला करून तो फ्रान्सचा हिरो झाला आणि त्याच्या नावावर भरवसा ठेवून हजारो साध्या माणसांनी पनामा कंपनीचे रोखे घेतले. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. नाव पाहून पैसे गुंतवू नयेत हे तुम्ही सोसायटीच्या संचालकांबद्दल नेहमी ऐकता, तसलाच तो प्रकार. त्या कंपनीचे छापील रोखे आजही संग्राहकांत फिरतात आणि पत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. सही अर्थात छापील. हौस भागवायला मी तसला रोखाच घेईन.

गोथल्सच्या पत्रात वजन आहे, कारण त्यात कुलेब्राच्या, म्हणजे कालव्यासाठी डोंगर फोडला तिथल्या, खोदाईचा उल्लेख आहे. पैसे पाठवण्याआधी मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन मागवा, मागच्या बाजूचाही. शाईची सही कागदाच्या धाग्यांत मुरलेली दिसते, कलमाचा दाब पाठीमागे उमटतो. रबरी शिक्का एकसारखा सपाट असतो. मग तारीख आणि लेटरहेड ताडा. गोथल्स १९०७ मध्ये मुख्य अभियंता झाला. कालव्याचे काम पाहणारे अमेरिकेचे सरकारी मंडळ, इस्थमियन कॅनाल कमिशन, एप्रिल १९१४ मध्ये बंद झाले, त्यामुळे त्या लेटरहेडवर १९१५ ची तारीख असेल तर आधी खुलासा मागा. हे पत्र आजवर कुणाकुणाकडे होते ते लेखी घ्या, आणि खोटे निघाल्यास पैसे परत, हेही. इथे कस्टम्सचा खर्च किती येईल ते कुरिअरवाल्याकडून आधीच विचारा.

आता उरलेले पैसे. सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखे ५ लाखांचे विमा संरक्षण नसते, तेव्हा ९ लाख पुन्हा तिथेच ठेवू नका. आधी २ लाख आजारपणासाठी बँकेच्या ठेवीत, मग ५ लाखांच्या वर सीनियर सिटिझन योजनेत, काकूंना नॉमिनी करून. पत्रांसाठी दीड लाखाची मर्यादा घाला. ते पैसे काशीयात्रेला गेले असे समजा.

आणि पत्र घरी आले की लॅमिनेशन करू नका. आपल्याकडच्या पावसात ट्रंकेत ठेवाल तर कसर लागेल. आम्लरहित फोल्डरमध्ये, कोरड्या कपाटात ठेवा. पावती त्याच फाइलमध्ये आणि मृत्युपत्रात एक ओळ, म्हणजे मुलगा ते रद्दीत घालणार नाही.